मेडिकलला नंबर लागतो कसा? कोकणातले पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

सिंधुदुर्गात ज्युनियर कॉलेजात मी २६ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तरी जून ते सप्टेंबर आमच्या पडवीतलं बाकडं रिकामं नसतं. कुणी दोडामार्गाहून येतं, कुणी राजापूरहून, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद असतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, आमच्या चेडवाचा काय होतला?" दर वर्षी मुलं नवी असतात, प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. तारखा आणि बारीक नियम दर वर्षी थोडे हलतात. तेवढ्यासाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी ठेवून हे वाचा.

विद्यापीठ मुलांची निवड करतं तरी कशी? मुलाखत असते का?

विद्यापीठ निवड करतच नाही. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं. राज्यातली सरकारी आणि खासगी मेडिकल कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. ते परीक्षा घेतं आणि पदवी देतं. पहिल्या वर्षाला कोण बसणार हे मात्र ते ठरवत नाही, आणि कॉलेजचे अधिष्ठाताही ठरवत नाहीत. ते ठरतं तीन गोष्टींवर: नीट या देशभरच्या प्रवेश परीक्षेतली तुमची रँक, तुमचे कागद आणि तुम्ही भरलेला कॉलेजांचा पसंतीक्रम. या तिन्हींवरून जागा वाटण्याचं काम राज्यात सीईटी सेल, म्हणजे राज्य सरकारची प्रवेश यंत्रणा, करतो आणि देशपातळीवर एमसीसी, म्हणजे केंद्राची समुपदेशन समिती.

मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्र नाही. ठळक अपवाद पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे एएफएमसीचा. तिथे नीटच्या गुणांवरून मुलं बोलावतात आणि पुढे वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते.

मुलगा हुशार आहे, शांत आहे, आजीची सेवा करतो, हे सांगायला पालक येतात तेव्हा मला वाईट वाटतं. हे सगळं खरं असतं आणि डॉक्टर म्हणून ते मोलाचंही आहे. पण या पद्धतीत मुलाकडे कुणी पाहतच नाही. दुसऱ्या बाजूने, गाबीतवाड्यातल्या मुलीला आणि शहरातल्या सर्जनच्या मुलाला एकच उत्तरपत्रिका मिळते आणि ती यंत्र तपासतं. ओळख लागत नाही. म्हणूनच या पद्धतीवर माझा विश्वास आहे, तिच्यातले दोष माहीत असूनही.

बारावीला ९२ टक्के पडले. त्याचा काही उपयोग?

आपल्याकडचा सगळ्यात दुखरा प्रश्न हाच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोकण विभागीय मंडळ आहे आणि निकालात ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२४ ला बारावीचा निकाल ९७.५१ टक्के होता, २०२५ ला ९६.७४. पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात. आणि जूनमध्ये नीटचा निकाल लागला की तीच घरं गप्प होतात.

मेडिकलसाठी बारावीचं काम एवढंच: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना ४५ टक्के हवेत आणि इंग्रजी विषय पास हवा. उंबरठा ओलांडला की संपलं. ९२ टक्केवाला आणि ५२ टक्केवाला पुढे एकाच रांगेत उभे राहतात आणि ती रांग नीटच्या गुणांची असते.

बोर्डाच्या पेपरात उत्तर लिहायचं असतं, नीटमध्ये चार पर्यायांतून ओळखायचं असतं आणि तेही मिनिटाला एक. सवय वेगळी लागते. आपली मुलं कमी पडतात ती या सवयीत. बुद्धीत नाही. हे मी वर्गात पाहिलं आहे.

परीक्षा नेमकी कशी असते? मराठीतून देता येते का?

२०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, सोडलं तर शून्य. निम्मे गुण जीवशास्त्राचे आहेत आणि अभ्यासाची मुळं एनसीईआरटीच्या पुस्तकांत आहेत. गाईडांचा ढीग नंतर आणा, आधी ती पुस्तकं ओळ न् ओळ वाचा.

मराठीसह १३ भाषांत पेपर मिळतो. मराठी निवडलीत तर प्रश्नपुस्तिकेत मराठीसोबत इंग्रजीही असतं आणि दोन्हींत तफावत निघाली तर इंग्रजी ग्राह्य धरतात. आपल्याकडे विज्ञान शाखा अकरावीपासून इंग्रजीतून चालते. 'पेशीभित्तिका' की 'पेशीपटल' यात अडखळण्यापेक्षा ज्या भाषेत शिकलात तीच निवडा.

दुपारी २ चा पेपर असला तरी दार दीडला बंद होतं आणि त्यानंतर कुणाचंही ऐकत नाहीत. केंद्र लांबच्या शहरात आलं असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. मे महिन्यात सुट्टीला गावी येणाऱ्यांची गर्दी असते, रेल्वेचं आरक्षण मिळत नाही आणि एसटी भरून येते. बूट नकोत, चपला घाला. कपडे साधे, अर्ध्या बाह्यांचे. पेन केंद्रावर मिळतं.

मुलगी नीट 'क्वालिफाय' झाली. म्हणजे सीट नक्की ना?

नाही. याच शब्दावर घरात गैरसमज होतो.

खुल्या प्रवर्गासाठी पात्रता ५० पर्सेंटाइलची आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या वर तुम्ही आहात, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ मध्ये ही रेषा १४४ गुणांवर आली, म्हणजे ७२० पैकी २० टक्क्यांवर. २०२४ ला ती १६२ होती, २०२३ ला १३७. पेपर सोपा की अवघड यावर ती वर-खाली होते. म्हणून गेल्या वर्षीच्या गुणांवरून यंदाचा अंदाज बांधू नका, रँकवरून बांधा.

२०२५ मध्ये १२ लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही सरकारी साधारण निम्म्या. पात्र होणं म्हणजे जत्रेत देवळाच्या आवारात पोचणं. गाभारा अजून लांब आहे.

१५ टक्के आणि ८५ टक्के हा काय प्रकार? दोन्हीकडे अर्ज करायचा का?

हो, दोन्हीकडे करा. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. देशातला कुणीही त्यावर हक्क सांगू शकतो आणि नोंदणी एमसीसीकडे होते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, त्यांची नोंदणी सीईटी सेलकडे. राज्यातल्या खासगी कॉलेजांची राज्य कोट्यातली यादीही सीईटी सेलच लावतो. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा आणि एम्स, जिपमर या केंद्राच्या संस्था एमसीसीकडे.

एमसीसीकडे नोंदणी करताना अनामत भरावी लागते. सरकारी जागांसाठी ती खुल्या प्रवर्गाला १० हजार, राखीव प्रवर्गाला ५ हजार. अभिमत विद्यापीठांची खूण केलीत तर २ लाख. तिथली फी झेपणार नसेल तर 'असू दे' म्हणून ती खूण करू नका.

नीटचा फॉर्म भरला म्हणजे सगळीकडे आपोआप नाव गेलं असं मानणारे पालक दर वर्षी दोघे-तिघे तरी भेटतात. नीटचा फॉर्म वेगळा, एमसीसीची नोंदणी वेगळी, सीईटी सेलची वेगळी. एक राहून गेली की ते दार बंदच.

आम्ही बांद्याचे. मुलगा अकरावी-बारावी गोव्यात करतो आहे. चालेल ना?

थांबा. हा निर्णय अकरावीत घाईने घेतला जातो आणि त्याचे परिणाम दोन वर्षांनी कळतात.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी साधारण नियम असा: अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली हवी. सरकारी नोकरीतल्या बदल्यांसारख्या काही ठरावीक कारणांना सवलत आहे, पण 'म्हापसा जवळ पडतं' हे त्यात बसत नाही. उलट गोव्याच्या राज्य कोट्यासाठी तिथल्या वास्तव्याची अट आहे आणि ती आपला मुलगा पुरी करत नाही. मग तो ना इकडचा, ना तिकडचा, आणि हाती उरतो फक्त अखिल भारतीय कोटा.

सीमेवरची माणसं आजारपणात बांबोळीला जातात, बाजाराला म्हापशाला जातात, सोयरीकही तिकडचीच. मुलाला तिकडे शिकायला ठेवणं त्यांना परगावी पाठवणं वाटतच नाही. कागदावर मात्र पत्रादेवीला राज्य बदलतं. डॉक्टर व्हायचं मनात असेल तर अकरावी सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, जिथे जमेल तिथे पण महाराष्ट्रातच घ्या.

कोकणातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत का?

नाहीत. पूर्वी राज्यात ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग, आपण तिसऱ्यात. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं आणि आता सगळ्या राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते. त्यामुळे ओरोसच्या कॉलेजात लातूरची मुलं दिसतात, तशीच आपली मुलं नागपूरला जाऊ शकतात.

दोन आडव्या आरक्षणांकडे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होणाऱ्या आरक्षणांकडे, लक्ष द्या. एक, मुलींसाठी ३० टक्के जागा. दुसरं, डोंगरी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागा. दुसरं आपल्या जिल्ह्यांतल्या अनेकांना माहीतच नसतं. त्याच्या अटी रहिवासाशी आणि दहावी-बारावी कुठून झाली याच्याशी जोडलेल्या आहेत. आपला तालुका यादीत आहे का ते बघा आणि असेल तर फॉर्ममध्ये तो रकाना भरायला विसरू नका. नंतर जोडता येत नाही.

आपल्या भागात कॉलेजं कुठली? घराजवळचं घ्यावं की मुंबईचं?

मी शिकवायला लागलो तेव्हा रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून एकही सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. अलिबाग आणि सिंधुदुर्गचं ओरोस इथली सरकारी कॉलेजं २०२१-२२ मध्ये सुरू झाली, रत्नागिरीचं २०२३-२४ मध्ये. प्रत्येकी १०० जागा. खासगींमध्ये चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर आणि सिंधुदुर्गात पडवेचं एसएसपीएम.

घराजवळचं की लांबचं, याचं एकच उत्तर नाही. माझं मत विचाराल तर जुन्या कॉलेजाला झुकतं माप द्या. मुंबईचं जी. एस. किंवा ग्रँट, पुण्याचं बी. जे., मिरजेचं सरकारी, इथे रुग्ण जास्त, विभाग भरलेले आणि वरच्या वर्गातली मुलंही शिकवतात. वैद्यक हे पुस्तकाइतकंच खाटेशेजारी उभं राहून शिकायचं असतं. नव्या कॉलेजात अध्यापकांची पदं भरायला वेळ जातो, वसतिगृहाचीही ओढाताण असते.

पण घरची परिस्थिती बेताची असेल, मुलगी पहिल्यांदाच घर सोडणार असेल, तर ओरोस किंवा रत्नागिरी नाकारण्यासारखं अजिबात नाही. पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. जिल्हा रुग्णालयात सर्पदंश, विंचूदंश, लेप्टो, भातलावणीच्या दिवसांतला ताप, असे आजार मुलं रोज पाहतात. आपल्या गावात दवाखाना काढणाऱ्याला याची गरज लागणारच.

जातीचा दाखला आहे. वैधता नंतर काढली तर चालेल?

इथे थोडं जास्त लिहितो, कारण मी पाहिलेली सर्वांत मोठी नुकसानं इथेच झाली आहेत. गुण होते, रँक होती आणि कागद नव्हता म्हणून राखीव जागेवरचा हक्क गेला.

राखीव प्रवर्गातून प्रवेश हवा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, म्हणजे जिल्ह्याच्या पडताळणी समितीने तो दाखला तपासून खरा ठरवल्याचा कागद. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) यांना त्याशिवाय नॉन क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, तेही चालू मुदतीचं. कधीकधी शासन वैधतेसाठी मुदतवाढ देतं. तिच्या भरवशावर बसू नका.

वैधतेसाठी पुरावा वडिलांकडच्या घराण्याचा लागतो आणि ठरावीक तारखेच्या आधीचा असेल तर काम सोपं होतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. हा पुरावा बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या मराठी शाळेत सापडतो. त्या शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, काढा. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावाचा पाहा. तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींतही जात लिहिलेली सापडते. वंशावळ घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारून लिहा आणि ते काम पुढच्या चतुर्थीवर ढकलू नका. चुलते, आतेभाऊ असे कुणी सांगतील त्या नावांची खात्री करून घ्या. आपल्याकडे एकाच माणसाचं शाळेतलं नाव वेगळं, वाडीतलं वेगळं आणि सातबाऱ्यावरचं तिसरंच असतं.

वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या कुणाची वैधता आधी निघाली असेल तर ती जोडा, मोठा आधार मिळतो.

चाकरमान्यांचा प्रश्न वेगळा. वडील मुंबईत, मूल गावी आजीकडे. दाखला मूळ गावच्या जिल्ह्यातूनच काढा. दाखला ज्या जिल्ह्याचा, वैधता त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. एका घरात थोरल्याचा दाखला उपनगरातून आणि धाकटीचा रत्नागिरीतून काढलेला होता. दोन समित्या, दोन फाइली, आणि धाकटीची वेळेत झाली नाही. ती मुलगी माझी विद्यार्थिनी होती.

अकरावीच्या दिवाळीत सुरुवात करा. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे अर्ज कॉलेजमार्फत जातात, त्यासाठी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं.

ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि केंद्राचा ओबीसी दाखला यात गोंधळ होतो.

होणारच, कारण दोन यंत्रणांचे नियम वेगळे आहेत. मराठा समाजासाठी राज्यात एसईबीसी हा १० टक्क्यांचा प्रवर्ग २०२४ च्या कायद्याने आला. अखिल भारतीय कोट्यात तो नाही. तिथे उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला लागतो. कुणबी, भंडारी वगैरे ओबीसी समाजांनी एमसीसीसाठी केंद्राच्या यादीत आपली जात आहे का ते पाहावं आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा. राज्याचा दाखला तिथे दाखवला तर नाकारतात.

पसंतीक्रम कसा भरायचा? आधी मिळण्यासारखं कॉलेज लिहावं का?

नाही. जे मनापासून हवं ते पहिलं, त्याखालोखाल हवं ते दुसरं, असं शेवटपर्यंत.

यंत्र काय करतं ते समजलं की भीती जाते. ते गुणवत्ता यादीच्या वरून खाली येतं. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी उघडतं, पहिल्या कॉलेजात जागा शिल्लक आहे का बघतं, नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. जिथे पहिली जागा सापडते तिथे थांबतं. अवघड कॉलेज वर लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजातला हक्क कमी होत नाही. उलट सोपं कॉलेज वर लिहिलं तर यंत्र तिथेच थांबतं आणि त्याच्या खाली लिहिलेलं चांगलं कॉलेज तुमच्या रँकला मिळत असतानाही उघडून बघत नाही.

हे मला सुरुवातीच्या वर्षांत नीट कळलं नव्हतं. एका मुलाला मी सांगितलं, "मिरज तुला मिळणार नाही, खाली टाक." त्याने खाली टाकलं. त्याच्यामागच्या रँकच्या मुलीला मिरज मिळालं आणि त्याला दुसरीकडे जावं लागलं. तो आज चांगला डॉक्टर आहे, भेटला की पाया पडतो, आणि मला दर वेळी ते आठवतं. त्या दिवसापासून मी कुणाचीही यादी ठरवत नाही. मी फक्त विचारतो: "ही दोन कॉलेजं समोर ठेवली तर कुठलं घेशील?" मूल जे सांगेल ते वर. असं करत यादी आपोआप लागते.

आणखी एक: जिथे मिळालं तरी जाणार नाही, असं कॉलेज यादीत लिहूच नका.

फेऱ्या किती होतात? पहिल्या फेरीतली जागा घेतली तर अडकतो का?

राज्यात साधारण तीन फेऱ्या आणि मग उरलेल्या जागांची फेरी. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर प्रवेश घेताना 'स्टेटस रिटेन्शन' फॉर्म भरतात. तो भरला की पुढच्या फेरीतून नाव निघतं. अजून वरचं हवं असेल तर प्रवेश घ्या, पण तो फॉर्म भरू नका. मात्र पुढच्या फेरीत वरची जागा लागली की आधीची त्याच क्षणी जाते, परत मिळत नाही. वडील म्हणतात "भर", मुलगी म्हणते "नको", आणि कॉलेजच्या खिडकीपाशी वाद होतो. तो वाद घरीच मिटवून निघा. कुठल्या फेरीत जागा नाकारली तर बाहेर पडता येतं आणि कुठल्या फेरीत अनामत जाते, हे त्या फेरीच्या सूचनेत असतं. प्रत्येक वेळी नव्याने वाचा.

आपली अडचण वेगळीच असते. या फेऱ्या ऐन पावसात येतात. जागा लागली की मूळ कागद घेऊन कॉलेजात जायला मोजके दिवस मिळतात. गोंदियाला नंबर लागला आणि करूळ घाट बंद, रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, घरात गणपती बसलेला. म्हणून जुलैपासूनच तयारी ठेवा: मूळ कागद आणि झेरॉक्सचे तीन संच प्लॅस्टिकच्या फोल्डरात, फीसाठी पैसे खात्यात, जायचे दोन रस्ते माहीत. वाडीत नेटवर्क नसेल तर निकालाच्या दिवशी तालुक्याला जाऊन बसा. आणि फॉर्ममध्ये मोबाइल नंबर व ईमेल घरचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. संदेश त्याच्याकडे जातो आणि तो तुम्हाला चार दिवसांनी भेटतो.

फी परवडेल का?

सरकारीची फी खासगीच्या तुलनेत खूपच कमी. खासगीची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती वर्षाला लाखांत जाते. अभिमत विद्यापीठांत अनेक ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या पुढे.

मुलींच्या पालकांनी हे वाचाच. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी फेरीतूनच झालेला हवा. संस्था (मॅनेजमेंट) कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. पैशांअभावी खासगी कॉलेज यादीतच न लिहिणाऱ्या दोन मुलींना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आईचे डोळे भरून आले होते. मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजना आहेत. अर्ज राज्याच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं.

फोन आला होता. 'मॅनेजमेंटमधून सीट करून देतो, आगाऊ ५ लाख द्या.'

फोन ठेवा. संस्था कोट्याच्या जागाही नीटच्या गुणवत्तेनुसारच भरतात. ठरलेल्या फीपलीकडे पैसे घेणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. नीटचा निकाल लागल्यावर असे फोन आंबेवाल्या घरांत जास्त येतात, कारण हंगामाचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात. बाग गहाण टाकून असा व्यवहार केलेलं घर मी पाहिलं आहे. ना सीट मिळाली, ना पैसे परत आले.

पुन्हा एक वर्ष द्यावं का? लातूरला पाठवू?

प्रयत्नांवर मर्यादा नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही नाही. खालची अट आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवीत.

पहिल्या वेळी बोर्ड आणि नीट एकत्र सांभाळून मूल सरकारी जागेच्या जवळ आलं असेल तर एक वर्ष द्यावं, असं माझं मत. दुसरं वर्ष फार विचार करून. तिसऱ्याला मी स्पष्ट नाही म्हणतो. लातूर, कोल्हापूर, कुठेही पाठवा, पण आधी मुलाला विचारा की त्याला जायचं आहे का. शेजारच्याचा गेला म्हणून पाठवलेली मुलं तिथे खोलीत एकटी रडतात आणि घरी फोनवर "बरा आसय" म्हणतात. आठवड्यातून एकदा मार्क न विचारता फोन करा.

एमबीबीएस नाही मिळालं तर?

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हेही नीटवरच आहेत. सावंतवाडीचं भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालय आपल्या अंगणातलं आहे. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी असते, तिचा फॉर्म वेळेत भरा. परदेशी जायचं म्हणाल तरी नीट पात्रता लागतेच. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच, आणि त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्यासारखी पदवी हवी. एजंटाकडून हे तिन्ही मुद्दे लेखी घ्या. लेखी देत नसेल तर उत्तर मिळालं.

सरकारी कॉलेजचा बाँड म्हणजे काय?

साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप आणि त्यानंतर एक वर्ष सरकारी सेवा. ती केली नाही तर एमबीबीएससाठी १० लाख रुपये दंड. पालक हे ऐकून दचकतात. मला ते वर्ष ओझं वाटत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसेल तर रात्री साप चावलेल्या माणसाला घेऊन किती लांब जावं लागतं, हे वेगळं सांगायला नको.

मुलगी आत्ता अकरावीत आहे. आजपासून काय करू?

अभ्यासाचं ती बघेल. तुम्ही या महिन्यात दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी ठेवा आणि तिन्हींवर तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अक्षरशः सारखं आहे का ते पाहा. नसेल तर आधार आत्ताच दुरुस्त करा. मग सेतूत जाऊन वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला काढा. राखीव प्रवर्ग असेल तर आजोबांच्या शाळेत जा, आणि शाळा सुरू असतानाच जा. मे महिन्यात कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे असते आणि ते गावाला गेलेले असतात.